पुरलेलें ऋण

नको असलेली वस्तु दृष्टीआड केली म्हणजे ती नाहींशी झाली, असें मानण्याची मनुष्याची संवय फार जुनी आहे. केर उकिरड्यावर टाकावा, सांडपाणी नदींत सोडावें आणि धूर आकाशाच्या स्वाधीन करावा, असा आपला आजवरचा क्रम. उकिरडा आणि नदी यांनीं आपली तक्रार लवकरच आपल्या कानांवर घातली. आकाश मात्र दीडदोनशें वर्षें मुकाट्यानें सोशीत राहिलें. आतां त्याचीहि सहनशक्ति संपत आली आहे. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत कार्बन डायऑक्साइड वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. या वायूला आम्ही येथें सोईसाठीं कर्बवायु म्हणूं. त्याच्या पांघरुणाखालीं पृथ्वी तापत आहे, ही गोष्ट आतां वादाची राहिलेली नाहीं. तेव्हां आकाशांत मावेनासा झालेला हा धूर जमिनीखालीं पुरून ठेवावा, असा एक उपाय गेल्या तीस वर्षांत पुढें आला आहे. कारखान्याच्या धुरांतून हा वायु वेगळा काढावयाचा, दाबून द्रवासारखा दाट करावयाचा, आणि बहुधा आठशें मीटरांहून अधिक खोल असलेल्या सच्छिद्र खडकांत भरावयाचा. वर अभेद्य खडकाचें झांकण असलें म्हणजे तो तेथेंच राहील, अशी योजना आहे.

हा उपाय निर्धोक आहे काय, असें सर्वत्र विचारलें जातें, आणि उत्तराचा भार भूगर्भशास्त्रज्ञांवर टाकून आपण मोकळे होतों. आमच्या मतें या प्रश्नाचा अर्धा भागच शास्त्रज्ञांचा आहे. ‘निर्धोक’ हा शब्द उच्चारतांच, कोणाला, किती काळ आणि कोणाच्या जबाबदारीवर, हे तीन प्रश्न त्याच्या मागोमाग येतात. त्यांचीं उत्तरें खडक देऊं शकत नाहीं. तीं आपल्यालाच द्यावीं लागतात. ज्या शिराळा तालुक्यांत राहून आम्ही हें लिहीत आहों, तेथील माणसाला तर हे प्रश्न परके वाटण्याचें कारण नाहीं. भूमीच्या पोटांत कांहीं सांठविल्याचे परिणाम या भागानें पाहिले आहेत.

आधीं वायूचा स्वभाव पाहूं. कर्बवायु हें सामान्य अर्थानें विष नव्हे. तो आपल्या प्रत्येक उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो आणि वनस्पति त्यावर जगतात. परंतु तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळें खोलगट जागीं सांचतो, आणि त्याला रंग नाहीं कीं वास नाहीं. आमच्या तालुक्याच्या कडेनें वाहणारी वारणा जेथें कृष्णेला मिळते, त्या हरिपुरास हळदीचीं पेवें प्रसिद्ध आहेत. जमिनींत खोल खणून मुख बंद केलेल्या या पेवांत हळद वर्षानुवर्षें टिकते. कारण आंतील प्राणवायु कमी होऊन कर्बवायु वाढतो व किडीला जगतां येत नाहीं. जो वायु हळद राखतो तोच माणसाचा प्राण घेऊं शकतो. म्हणून पेव उघडल्यावर कांहीं वेळ तसेंच मोकळें ठेवावयाचें, मग आंत कंदील सोडावयाचा, आणि ज्योत विझली नाहीं तरच माणसानें उतरावयाचें, अशी तेथील जाणत्यांची रीत. या रीतीनें पिढ्यान् पिढ्या काम चाललें. पुढें २००५ च्या महापुराचें पाणी पेवांत शिरलें आणि त्यांतील पुष्कळ निकामी झालीं. पेव खणणारे अडाणी होते असें नव्हे. पण त्यांच्या हिशेबांत न बसणारी एक नदी शेजारून वाहत होती.

हाच वायु मोठ्या प्रमाणावर एकदम सुटला तर काय होतें, याचें भीषण उदाहरण आफ्रिकेंतील कॅमेरून देशांत घडलें. तेथील न्योस नांवाच्या सरोवराच्या तळाशीं ज्वालामुखीच्या प्रदेशांतून आलेला कर्बवायु विरघळून सांचला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्रीं तो एकाएकीं उसळला, डोंगरउतारावरून खोऱ्यांत उतरला, आणि सुमारें १७०० माणसें मृत्युमुखीं पडलीं. हें उदाहरण देऊन लोकांस भिवविणें सोपें आहे. पण तें न्यायाचें होणार नाहीं. सरोवराचें पाणी आणि हजार मीटर खोलीचा खडक यांत फार अंतर आहे. नॉर्वे देशानें १९९६ पासून समुद्रतळाखालच्या वालुकामय खडकांत वर्षाला दहा लक्ष टनांच्या आसपास कर्बवायु भरला, आणि तो तेथून वर निसटल्याचें आढळलें नाहीं. जागा नीट निवडली व देखरेख नीट ठेवली तर भरलेल्या वायूपैकीं शेंकडा ९९ हून अधिक भाग शंभर वर्षांनंतरहि आंतच राहण्याचा फार मोठा संभव आहे, असा निर्वाळा जागतिक हवामान-मंडळानें २००५ सालीं दिला.

मात्र या निर्वाळ्यांत ‘नीट निवडली’ आणि ‘नीट ठेवली’ हीं दोन पदें आहेत, आणि सारा भार त्यांवर आहे. अल्जीरियांत वाळवंटाखालीं २००४ पासून चाललेलें असेंच भरण २०११ सालीं थांबवावें लागलें. वरच्या खडकाच्या झांकणाविषयीं शंका उत्पन्न झाली होती. अमेरिकेंतील मिसिसिपी संस्थानांत २०२० च्या फेब्रुवारींत कर्बवायु वाहून नेणारी नळी फुटली. कोणी दगावलें नाहीं, पण सुमारें पंचेचाळीस माणसांस रुग्णालयांत जावें लागलें. इलिनॉय संस्थानांत २०२४ सालीं उघडकीस आलेला प्रकार अधिक विचार करावयास लावणारा आहे. वायूवर नजर ठेवण्यासाठीं म्हणून जी विहीर खणली होती तिच्याच नळीला गंज चढला आणि त्या वाटेनें वायु नेमलेल्या थराबाहेर गेला. पिण्याच्या पाण्याला अपाय झाला नाहीं हें खरें. तथापि पहारा ठेवण्यासाठीं केलेल्या दारांतूनच चोर निसटावा, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

येथपर्यंतच्या उदाहरणांत वायु हा वायूच राहतो आणि त्याला कोंडून ठेवावें लागतें. परंतु आणखी एक मार्ग निघाला आहे, आणि महाराष्ट्राला तो जवळचा आहे. आइसलंड बेटावर २०१२ पासून कर्बवायु पाण्यांत विरघळवून काळ्या ज्वालामुखीय पाषाणांत सोडण्यांत आला. त्या पाषाणांतील चुना आदि द्रव्यांशीं संयोग होऊन दोन वर्षांच्या आंत त्याचा शेंकडा ९५ हून अधिक भाग दगड होऊन बसला, असें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांतहि २०१३ सालीं सुमारें हजार टन वायु अशाच पाषाणांत भरण्यांत आला व तेथेंहि त्याचे खनिज खडे झालेले दिसले. आपल्या सह्याद्रीचा काळा फत्तर याच कुळांतला. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं थरावर थर ओतला गेलेला हा लाव्हा जवळजवळ पांच लक्ष चौरस किलोमीटर भूमि व्यापून आहे. तेव्हां कोळशाचा धूर सह्याद्रीच्या पोटांत घालून त्याचा पाषाण करावा, ही कल्पना आपल्याकडील संशोधकांच्या मनांत यावी हें स्वाभाविकच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेंत या दृष्टीनें दख्खनच्या पाषाणाचा अभ्यास झाला आहे, आणि मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें २०२२ पासून या विषयाचें राष्ट्रीय केंद्र आहे.

नीतीच्या दृष्टीनें या दुसऱ्या मार्गाची योग्यता मोठी आहे. कोंडलेल्या वायूवर पहारा ठेवावा लागतो. दगडावर ठेवावा लागत नाहीं. जी गोष्ट आपण पुढच्या पिढीच्या स्वाधीन करतों, तिच्यांतील धोका आपल्याच हयातींत संपवून देणें हें सज्जनाचें लक्षण आहे. अर्थात् हाहि मार्ग फुकटचा नाहीं. आइसलंडच्या पद्धतींत एका टन वायूमागें सुमारें पंचवीस टन पाणी लागतें. ज्या जिल्ह्यांत जत आणि आटपाडी हे तालुके आहेत, तेथील मनुष्य हा आंकडा ऐकून थबकल्याशिवाय राहणार नाहीं.

आणि आमच्या पायांखालच्या या पाषाणानें एक साक्ष आधींच देऊन ठेवली आहे. कोयनेचें धरण १९६२ च्या सुमारास भरूं लागलें. त्यानंतर थोड्याच काळांत त्या परिसरांत लहान लहान धक्के जाणवूं लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप होऊन कोयनानगर उद्ध्वस्त झालें. पावणेदोनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. दख्खनचें पठार म्हणजे अचल भूमि, हा तोंवरचा समज त्या पहाटे मोडला. पुढें आमच्याच तालुक्यांत चांदोलीस वारणेवर धरण झालें. १९८५ पासून त्यांत पाणी सांठूं लागलें, आणि १९९३ पासून त्याच्याहि परिसरांत ५ च्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. पाण्यानें भूकंप निर्माण केला असें नव्हे. खडकांतील भेगांवर युगानुयुगें ताण सांचलेला होता. जलाशयाचा भार आणि भेगांतून खोल झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनीं त्यांस सरकण्यास निमित्त दिलें. या कोड्याचा उलगडा करण्यासाठीं भारत सरकारनें कराडजवळ हजारमाचीस एक प्रयोगशाळा काढली, आणि २०१७ सालीं गोठणें येथें सुमारें तीन किलोमीटर खोल विंधन घेतलें. सव्वा किलोमीटर काळा पाषाण लागून त्याखालीं ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक लागला. भूकंप त्या प्राचीन खडकांत जन्म घेतात.

आतां कर्बवायु दाबानें आंत घालणें म्हणजेहि भेगांतील दाब वाढविणेंच होय. जलाशयांतील पाण्याचें जें झालें तें वायूचें होणार नाहीं, असें गृहीत धरतां येत नाहीं. अमेरिकेंत डेन्व्हर शहराजवळ सैन्याच्या रसायन-कारखान्याचें सांडपाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरांहून खोल विहिरींत घालीत असत. भूकंप होऊं लागले म्हणून १९६६ सालीं तें काम बंद केलें. परंतु तेथील सर्वांत मोठे धक्के त्यानंतर, १९६७ सालीं, म्हणजे कोयनेच्याच वर्षीं बसले. हात आवरला म्हणून केलेलें कर्म त्याच क्षणीं थांबत नाहीं, हा धडा दोन भिन्न खंडांनीं एकाच वर्षीं दिला.

येथें आपल्या प्राचीन व्यवहारशास्त्राची आठवण होते. मनुस्मृतींत वादाचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत त्यांत पहिलें ऋणादान, म्हणजे कर्जाची देवघेव, आणि दुसरें निक्षेप, म्हणजे विश्वासानें ठेवलेली ठेव. कर्बवायु पुरण्याचा पुरस्कार करणारे त्याला ठेव समजतात. आम्हांस तें प्रथम ऋण वाटतें. ज्यांनीं कोळसा जाळून सुख भोगलें त्यांचें तें देणें आहे, आणि तें भूमीच्या नांवें टाकलें जात आहे. ठेव होण्यास दोन गोष्टी लागतात. जो ठेव सांभाळणार त्याची संमति असली पाहिजे, आणि ती परत घेणारा कोणी असला पाहिजे. शेजाऱ्याच्या परसांत त्याला न कळवितां खड्डा खणून आपली अडचण पुरली, तर तिला कोणी निक्षेप म्हणणार नाहीं.

याच शास्त्रांत आणखी एक मर्म आहे. ठेव चोरानें नेली, पाण्यानें वाहून गेली किंवा आगींत जळाली, तर ती सांभाळणाऱ्यावर दोष येत नाहीं. दैवापुढें कोणाचा इलाज नाहीं. उद्यां पुरलेला वायु भूकंपानें सुटला तर ‘दैव’ ही सबब सांगतां येईल काय? १९६२ सालीं ती सांगतां आली असती. धरण बांधणाऱ्यांस भूमीचा हा स्वभाव ठाऊक नव्हता, आणि जें कोणालाच ठाऊक नव्हतें त्याबद्दल आम्ही त्यांस दोषी धरणार नाहीं. पण अज्ञान एकदांच क्षम्य असतें. कोयना आणि वारणा यांनंतर जो भेगाळलेल्या भूमींत जाणूनबुजून दाब भरील, त्याला दैवाच्या आड लपतां येणार नाहीं.

मग राखण कोणी करावयाची? पुरलेल्या धनावर नाग बसतो अशी आपल्याकडे समजूत आहे. पुरलेल्या ऋणावर कोण बसणार? शिराळ्याच्या नागपंचमीची कीर्ति वाचकांस ठाऊक असेल. पंचमीपूर्वीं नाग पकडून मडक्यांत ठेवावयाचे आणि पूजा झाल्यावर जेथून आणले तेथेंच सोडावयाचे, अशी येथील जुनी प्रथा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या आधारें न्यायालयानें तिला आळा घातला. त्या प्रथेचें समर्थन आम्ही करीत नाहीं. पण तींतील एक नियम ध्यानांत घेण्याजोगा आहे. मडकें झांकणाऱ्यावरच तें उघडून नाग सुखरूप सोडण्याचा भार असे; धोका ज्यानें हातीं घेतला त्यानेंच तो निस्तरावयाचा. युरोपांतील राष्ट्रांनीं २००९ सालीं केलेल्या नियमाप्रमाणें भरणा बंद केल्यावर सामान्यतः निदान वीस वर्षें ती जबाबदारी भरणाऱ्यावर राहते. पुढें ती सरकारकडे, म्हणजे सर्व प्रजेकडे जाऊं शकते. कालांतरानें दाब उतरतो आणि धोका घटतो, हें त्या नियमामागील तत्त्व शास्त्रास धरून आहे. तरीहि जो वायु हजारों वर्षें आंत राहावा अशी अपेक्षा आहे, त्यापुढें वीस वर्षें म्हणजे एका मुलाचें बाळपण.

यावर एक सबळ आक्षेप येईल, आणि त्याला आम्ही टाळूं इच्छीत नाहीं. विरोधक म्हणतील: तुम्ही भूमींतील धोक्याची चर्चा करतां, पण न पुरलेला वायु कोठें जातो? तो आकाशांत जातो, आणि तेथें तर झांकणहि नाहीं, पहाराहि नाहीं, आणि कोणाची संमतीहि घेतलेली नाहीं. त्यानें वाढलेल्या उष्म्याची झळ दुष्काळी शेतकऱ्याला आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याला आजच लागत आहे. हा आक्षेप खरा आहे. जो केवळ ‘भूमींत नको’ म्हणून थांबतो, तो नकळत ‘आकाशांत असूं द्या’ असेंच म्हणतो. सिमेंटसारख्या धंद्यांत तर भट्टींत कोळसा न जाळतांहि खुद्द चुनखडींतून कर्बवायु निघतो. तो टाळण्याचा सोपा उपाय अद्यापि हातीं नाहीं. म्हणून हा मार्ग सर्वस्वी त्याज्य आहे, असें आमचें म्हणणें नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, ऋण फेडण्याचा मार्ग आणि नवें ऋण काढण्याचा परवाना या दोन गोष्टी भिन्न आहेत. प्रायश्चित्ताची सोय आधीं करून मग पाप करणारा मनुष्य आपल्या कथापुराणांत पुष्कळदां भेटतो, आणि कीर्तनकार त्याची यथेच्छ थट्टाहि करतात. भूगर्भांत जागा आहे म्हणून नवीं धुराडीं उभीं करणारें राष्ट्र त्याच वर्गांतलें. भारतानें २०७० पर्यंत आपला कर्बवायूचा जमाखर्च शून्यावर आणण्याचें अभिवचन २०२१ सालीं दिलें. आपल्या देशांत माणशीं वर्षाला सुमारें दोन टन कर्बवायु निघतो. अमेरिकेंत याच्या सहापटींहून अधिक. आणि देशाच्या आंतहि शिराळ्याच्या डोंगरांतील धनगर आणि मुंबईच्या गगनचुंबी घरांत राहणारा गृहस्थ यांचे दोन टन सारखे नाहींत. कोयनेची वीज साऱ्या महाराष्ट्रानें वापरली. धक्के मात्र पाटण आणि शिराळा येथील घरांच्या भिंतींनीं सोसले. चांदोलीस धरणासाठीं आणि पुढें अभयारण्यासाठीं गांवें उठलीं. हरिपूरच्या पेवांत हळदीचा लाभ आणि उतरण्याचा धोका निदान एकाच गांवांत होता; येथें लाभ एकीकडे आणि धोका दुसरीकडे, अशी वांटणी होण्याचा संभव आहे. त्या वांटणींत या डोंगराळ भागावर पुन्हां तोच वांटा येऊं नये, ही चिंता स्वार्थाची म्हणतां येणार नाहीं.

तेव्हां आम्हांस चार अटी आवश्यक वाटतात. जो धूर अन्य उपायानें टाळतां येत नाहीं तोच पुरावा. जेथें भूमि शांत आहे, आणि जेथील लोकांस त्यांच्या भाषेंत सारें समजावून सांगून नाहीं म्हणण्याचा अधिकार दिला आहे, तेथेंच पुरावा. आणि शक्य तेथें वायु कोंडण्यापेक्षां त्याचा दगड करण्याचा मार्ग पत्करावा. शेवटीं, वायु जोंवर वायु आहे तोंवरच्या पहाऱ्याचा खर्च, पुरणाऱ्यानें पुरण्यापूर्वींच बाजूस काढून ठेवावा. या कसोट्यांस कोयना-वारणेचा टापू उतरत नाहीं. आमच्या दारीं नको एवढ्यासाठीं आम्ही हें म्हणत नाहीं. येथील भूमीनें साठ वर्षें जें सांगितलें तेंच आम्ही सांगत आहों. विदर्भांत किंवा मराठवाड्यांत योग्य जागा निघाली, तर तेथील रहिवाशांसाठींहि आमच्या अटी याच राहतील.

पुढच्या पिढ्या आपल्याला मत देऊं शकत नाहींत, कज्जा करूं शकत नाहींत, आणि जाबहि विचारूं शकत नाहींत. वडिलांनीं कर्ज ठेवलें तर मुलगा निदान खतावरून तें किती आणि कोणाचें हें वाचूं शकतो. आपण भूमीच्या पोटांत जें ठेवूं, त्याचें खत स्पष्ट अक्षरांत लिहून, त्यावर आपली सही करून, फेडीचा पहिला हप्ता आपल्याच हातानें भरून मग तें त्यांच्या स्वाधीन करावें, एवढी अपेक्षा त्यांनीं आपल्याकडून केली तर ती अवाजवी म्हणतां येणार नाहीं.